कपाशीच्या तोंडातलं लोखंड

सुरतेत ज्यांच्या घरचा वरघोडो, म्हणजे आपली वरातच, कधी रस्त्यावर निघाला असेल, त्यांनी भटूला बघितलेलं असणार. फक्त चेहरा आठवणार नाही. वरातीत लोक नवरदेवाकडे बघतात, घोडीच्या झुलीकडे बघतात, घोडी नाचायला लागली की मोबाईल काढतात. घोडीच्या गालाला चिकटून, लगाम मुठीत धरून, लाल फेटा बांधलेला जो किडकिडीत माणूस चालतो, त्याच्याकडे कोण बघतंय? पण ज्यांनी बघितलं ते म्हणायचे, काय जिगरबाज माणूस आहे हो! कानाशी फटाक्यांची माळ फुटते, डीजेचा टेम्पो छाती हादरवतो, नवरदेवाचे दोस्त अंगावर येऊन नाचतात, आणि हा बाबा आपला खांबासारखा उभा.

खांबासारखा म्हणे! अहो, खांबाला कधी घाम फुटतो का? भटू खांबासारखा उभा राहायचा, कारण भीतीने त्याचे गुडघेच वाकत नसत. घरी आल्यावर त्याच्या मुठी आपोआप उघडायच्या नाहीत. बायको सरलाबाई कोमट पाणी आणून ठेवायची, त्यात हात बुडवून बसला की एकेक बोट सुटायचं. तळहातावर नखांच्या खुणा उमटलेल्या असायच्या. "गावाला दाखवायला वाघ, आणि घरी आला की ससा," सरलाबाई म्हणायची, पण पाणी आणायला कधी चुकायची नाही.

भटू मूळचा शिंदखेड्याकडचा. सुरतेत आला तो लूमवर काम करायला, आणि बरीच वर्षं केलंही. त्याचा काका चिंधा तिथेच दिंडोलीत लग्नाच्या घोड्या ठेवायचा. काका थकला तेव्हा धंदा भटूच्या गळ्यात पडला. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत काकाला घेऊन भटू गेला आणि तिथे एक पांढरी शिंगी, म्हणजे तरणी घोडी, त्याच्या नजरेत भरली. बोंड फुटावं तशी पांढरी. म्हणून तिचं नाव कपाशी. सुरतेत घोड्यांची नावं राणी, बिजली, तूफान अशी असतात. भटूच्या घोडीचं नाव ऐकून गुजराती नवरदेव हसायचे, पण कपाशीला त्याचं काही नव्हतं.

वरातीची घोडी तयार करायची एक रीत असते. लगाम वर उचलायचा, जिभेने टक् टक् वाजवायचं आणि ढोलावर पाय उचलायला शिकवायचं. लगाम ताणला की नाच. आणखी ताणला की आणखी उंच नाच, अगदी पुढचे दोन्ही पाय आभाळात. मग मांडवाच्या दारात नवरदेव उतरला की भटू लगाम तिच्या मानेवर सैल टाकायचा आणि आपल्या अहिराणीत म्हणायचा, "चाल वं माय, घर." एवढं ऐकलं की कपाशी मान खाली घालायची, जोरात फुरफुरायची आणि घराच्या वाटेला लागायची. तिच्या लेखी काम संपलं. भटूच्याही.

आता ही भीती काही जन्मापासूनची नव्हती. कतारगामच्या एका वरघोड्यात ती त्याच्या अंगात शिरली. नवरदेवाच्या पुढ्यात त्याच्या बहिणीचा लहानगा बसवला होता, नवा कोट, छोटा साफा, गाल रंगवलेले. कुणा शहाण्याने पेटलेली माळ घोडीच्या पोटाखाली फेकली. कपाशी उसळली. भटूच्या हातातून लगाम सुटला. नवरदेव तिच्या मानेला लटकला आणि ते पोर घसरून खाली, थेट तिच्या चार पायांमध्ये. त्याच्या आईने जी किंकाळी फोडली, ती भटूच्या कानातून आजतागायत गेलेली नाही. पोराला साधं खरचटलंही नव्हतं. लोक म्हणाले, माताजीनं वाचवलं. मग सगळे मिळून भटूवर तुटून पडले, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. लगाम सुटला होता, चूक त्याचीच होती.

दुसऱ्याच दिवशी त्याने दुसऱ्या एका वरातवाल्याकडून काटेरी कडी आणली. लगामाचं जे लोखंड घोड्याच्या तोंडात बसतं, त्याला ही मंडळी कडी म्हणतात. काटेरी कडीला ओठांच्या कोपऱ्यावर आतल्या बाजूने खिळ्यांसारखी टोकं असतात. जरा ओढलं की टोचतात. कपाशी पहिल्याच वरातीत गरीब गाय झाली. तिच्या तोंडाच्या फेसात लाल ठिपके दिसायचे, ते भटू नवरदेवाकडच्यांच्या नजरेला पडण्याआधी उपरण्याने पुसून टाकायचा. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर होतं, "घोडीचं तोंड कठीण आहे. तिला असंच लागतं." सांगून सांगून ते त्यालाही खरं वाटायला लागलं.

आणि भटूची लेक जयश्री? ती बापाच्या अगदी उलट! कॉलेजात कॉमर्स शिकायची, मैत्रिणींशी फाडफाड गुजराती बोलायची, पण जीव सगळा घोडीपाशी. लहान असताना भटू तिला पहाटे कॅनॉलच्या रस्त्याला कपाशीवर बसवून चालवायचा, स्वतः बाजूने धावत. धावता धावता एकच मंत्र. "लगाम सोडायचा नाही. काही झालं तरी सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही, कळलं का?" जयश्रीला पाढे पाठ नव्हते तेव्हापासून हे पाठ होतं.

रविवारी ती चलथाणच्या पुढे, बारडोली रस्त्याला, नितीन सरांच्या मैदानावर जायची. उसाच्या मळ्यांमध्ये त्यांची घोडेस्वारीची शाळा होती. श्रीमंतांची मुलं गाड्यांतून यायची आणि जयश्री त्यांना घोड्यावर बसायला शिकवायची. सुट्टीच्या दिवसांत कपाशीलाही टेम्पोने तिकडे न्यायची आणि कडीशिवाय, नुसत्या दोरावर गोल फिरवायची. एका रविवारी संध्याकाळी ती घरी आली ती उड्या मारतच.

"पप्पा, मैदानावर पिंपांची दौड ठेवलीय. मी नाव दिलं. माझं आणि कपाशीचं."

पिंपांची दौड म्हणजे काय, ते तिने तिथल्या तिथे तीन वाट्या मांडून दाखवलं. तेलाची तीन रिकामी पिंपं त्रिकोणात उभी असतात. घोडा सुसाट येतो, पहिल्याला वळसा, दुसऱ्याला वळसा, तिसऱ्याला वळसा, आणि मग सरळ रेषेत परत. पिंप पाडायचं नाही, कमीत कमी वेळात परत यायचं. वाट्यांमधून तिचं बोट सपासप वळत होतं. भटूला बोट दिसतच नव्हतं. घोडी आडवी पडलेली दिसत होती, आणि तिच्याखाली पोरगी.

"काही गरज नाही," तो म्हणाला.

"पप्पा, सर म्हणतात आपली कपाशी वळणावर मांजरासारखी आहे. फक्त लगाम बदलायला पाहिजे. काटेरी तिथे चालत नाही."

काटेरी कडी नाही, आणि घोडी सुसाट! "काटेरीशिवाय ती थांबेल का? वेडी का खुळी तू? तिचं तोंड कठीण आहे."

मग जयश्रीने जे केलं त्याने भटूची खरी पंचाईत झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग तुम्हीच निवडा. तिचं तोंड तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुम्ही जी कडी घालाल ती मी धरीन. काहीच नको म्हणालात तर नाव काढून घेते."

सरलाबाई पोळी लाटत होती, तिचा हात थांबला. भटूने मोठ्या आशेने तिच्याकडे बघितलं. ती नाही म्हणेल, मग आपण सुटलो. तर ती बया म्हणते कशी, "बघ की मग एकदा जाऊन. बघायला काय जातं?"

बघायला काय जातं! जीव जातो बाई, जीव!

पण गेला. नितीन सर गोल चेहऱ्याचा, शांत माणूस. काटेरी कडी बघून त्यांनी नाक मुरडलं नाही, उपदेशही झोडला नाही. "ही इथे चालणार नाही भटूभाई, आणि कायद्यातही बसत नाही," एवढंच म्हणाले आणि दोन कड्या त्याच्यापुढे ठेवल्या. पहिलीला दोन्ही बाजूंना लांब दांड्या होत्या आणि हनुवटीखालून साखळी. इकडे बोटभर ओढलं की तिकडे जबडा आवळला जायचा. दुसरी साधी, गुळगुळीत, मधोमध सांधा असलेली, हातात घेतली तर खेळण्यासारखी. भटूने ती परत ठेवली आणि दांड्यांची उचलली.

"आधी तोंड बघून घेऊ या," सर म्हणाले.

भटूला वाटलं, तोंड काय बघायचं, रोज बघतो. पण रोज तो ओठांवरचा फेस पुसत होता, आत कधी बघितलंच नव्हतं. सरांनी सांगितलं तसा त्याने कपाशीच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला. दात नसलेल्या त्या मधल्या जागेत, जिथे कडी बसते, तिथे मऊ लागायला हवं होतं. तिथे घट्टे होते. ओठाच्या आतल्या बाजूला जुन्या जखमांच्या गाठी लागल्या, एकीवर एक. कपाशी त्याचा अंगठा चावली नाही, नुसती डोळे बारीक करून उभी राहिली.

"तोंड कठीण आहे," सर म्हणाले. "खरं आहे तुमचं."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण भटूला तो लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घट्टे कुणी पाडले ते काय विचारायचं होतं का? त्याने अंगठा धोतराला, चुकलो, पँटीला पुसला आणि दांड्यांची कडी चढवली. लाज वाटली म्हणून भीती थोडीच कमी होते?

जयश्री चढली. पहिल्या पिंपापर्यंत सगळं ठीक. वळताना तिने लगाम जरा वर ओढला. दांड्यांनी जबडा आवळला, आणि कपाशीच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: लगाम ताणला, नाच! ती जागच्या जागी थांबली आणि पाय उचलायला लागली. जयश्री दचकली, तिने आणखी ओढलं. कपाशी आणखी वर गेली. पुढचे पाय हवेत, पाठ सरळ, आणि मागचे पाय मातीत घसरायला लागले. क्षणभर असं वाटलं की आता ती पाठीवरच कोसळणार आणि जयश्रीचा खालीच चुराडा होणार. मग घोडीचा मागचा पाय कशात तरी रोवला गेला आणि ती पुन्हा चारी पायांवर आली.

जयश्री उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. भटू जाऊन बांधावर बसला, उसाच्या पाचटात.

"नाव काढ," तो म्हणाला.

"गुळगुळीत कडी एकदा बघू द्या. मग काढते."

सरांनी गुळगुळीत कडी चढवली. भटू नको म्हणायला बांधावरून उठेपर्यंत जयश्री चढलीही होती. कपाशीने ती कडी जिभेने इकडून तिकडे फिरवली, चघळली, कान पुढे केले. वळणं तिने अशी घेतली की पिंप आणि तिचं अंग यांच्या मध्ये पाण्याचा तांब्याही मावला नसता. नाचली नाही, उठली नाही. फक्त शेवटी सरळ रेषेत सुटली ती थांबलीच नाही! मैदान ओलांडून, उसाच्या दोन मळ्यांमधल्या वाटेने, थेट दिसेनाशी. उसाच्या वर काहीच दिसत नव्हतं. भटू त्या वाटेने धावत सुटला. चप्पल कुठे गेली कळलं नाही. ऊस दोन्ही बाजूंनी सळसळत होता आणि प्रत्येक सळसळीला त्याला वाटत होतं, पुढच्या वळणावर पोरगी पडलेली असेल.

पोरगी समोरून येत होती. घोडीवरून. हसत!

"थांबली पप्पा! उशिराने थांबली, पण थांबली. मी 'माय, माय' म्हणत होते आणि मग थांबली."

भटूने तिला खाली ओढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरीवर हात उगारला. मारला नाही. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग कपाशीच्या मानेवर पडला.

आता सांगा, या माणसाने निवडायचं तरी काय? कडक कडी घातली तर घोडी नाचते, उठते, उलटते. मऊ घातली तर थांबेल तेव्हा थांबते. इकडे आड, तिकडे विहीर. पोरीने सगळा भार याच्याच डोक्यावर टाकलेला. 'नाही' म्हटलं की सुटका होती, पण पोरगी 'बरं' म्हणाली असती, तोंड फुगवलं नसतं, आणि तेच त्याला सहन झालं नसतं.

दौडीच्या आदल्या दिवशी जेवताना जयश्रीने एकदम विचारलं, "पप्पा, कतारगामला तो लहान मुलगा पडला होता ना? त्याला लागलं का नाही?"

"नशीब."

"नशीब नाही हो. तुम्ही तिथेच होता ना? काय बघितलं?"

भटूने घास ताटात ठेवला. इतकी वर्षं त्या दिवसाची आठवण आली की किंकाळीपाशीच तो डोळे मिटून घ्यायचा. पुढचं बघायचाच नाही. आज लेकीने विचारलं म्हणून त्याने जबरदस्तीने बघितलं. पोर खाली होतं. धूर होता. माळ अजून फुटत होती. आणि कपाशीचा पुढचा उजवा पाय हवेत होता. वर धरलेला. ती थरथर कापत होती, डोळ्यांची बुबुळं फिरली होती, पण पोराला उचलेपर्यंत तिने तो पाय खाली टेकवला नव्हता.

"तिने पाय वर धरला होता," भटू म्हणाला.

"लगाम तर तुमच्या हातातून सुटलेला होता. मग तो पाय वर कुणी धरायला लावला?"

सरलाबाईने नवऱ्याकडे बघितलं आणि त्याच्या ताटात उगाचच आणखी वरण वाढलं. भटूने ते खाल्लं नाही. त्या वरघोड्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या बिचाऱ्या घोडीच्या तोंडात आपण खिळे घातले, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

म्हणून तो निर्भय झाला असं समजू नका! सकाळी पिशवी भरली तेव्हा तिन्ही कड्या पिशवीत होत्या. सरांकडून आणलेली गुळगुळीत, दांड्यांची, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली काटेरी. ती कशाला घेतली, विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. घाबरलेला माणूस पिशवीत काहीही भरतो.

मैदान माणसांनी फुललं होतं. गाड्या, कुल्फीवाला, पताका, आणि तारेवर टांगलेला भोंगा. माईकवर एक उत्साही पोरगा होता. दोन घोडे धावून गेले, एकाने पिंप पाडलं, लोक हसले. भटू आडोशाला कपाशीपाशी उभा होता. त्याने पिशवीत हात घातला. पहिल्यांदा हाताला फडकं लागलं. त्यातली टोकं बोटाला टोचली. मग दांड्या लागल्या. मग ती गुळगुळीत.

जयश्री हेल्मेटचा पट्टा लावत होती. ती मुद्दाम तिकडे तोंड करून उभी होती, हे भटूच्या लक्षात आलं. पोरगीसुद्धा घाबरली होती. तिच्या पाठीवरून कळत होतं.

त्याने गुळगुळीत कडी काढली, तळहातांत घासून ऊन केली आणि कपाशीच्या ओठांपाशी धरली. कपाशीने तोंड स्वतःहून उघडलं. एवढ्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं, अंगठा घालून उघडावं लागायचं. भटूचे डोळे भरून आले. रडायला वेळ नव्हता.

"हीच?" जयश्रीने लगाम धरताना विचारलं.

"हीच." आणि सवयीने पुढे म्हणाला, "लगाम सोडायचा नाही."

नाव पुकारलं गेलं. जयश्री सुटली. पहिलं पिंप, काय वळली म्हणून सांगू! माती उडाली, पिंप हललंही नाही. दुसरं पिंप, तसंच. लोक ओरडायला लागले. भटू मैदानाच्या कडेच्या दोरीला धरून उभा होता. तिसऱ्या पिंपाकडे ती वळली आणि माईकवाल्या पोराला अवदसा आठवली.

"अरे, आ तो आपणा वरघोडानी घोडी छे!" भोंगा कडाडला. "चालो, बँड वगाडो!"

आणि त्याने लावली. ढोल, ताशा, पिपाणी, अख्ख्या सुरतेच्या वरातीत वाजते ती धून, कान फाटतील अशा आवाजात.

कपाशी तिसऱ्या पिंपापाशी जागच्या जागी थांबली. जयश्री तिच्या मानेवर आदळली, कशीबशी बसून राहिली. कपाशीने कान टवकारले आणि उजवा पाय उचलला. मग डावा. भर दौडीत ती नाचायला लागली! लोकांत हशा पिकला. मोबाईल वर झाले. हसणाऱ्यांना काय ठाऊक, वर बसलेल्या पोरीचा चेहरा भटूला दिसत होता. तिने घाबरून लगाम ओढला. ताणला की नाच. कपाशी आणखी वर उठली. जयश्रीने आणखी ओढलं, दोन्ही हातांनी, छातीपर्यंत, बापाने शिकवलं होतं तसं, आभाळ कोसळलं तरी. घोडी सरळ उभी झाली. पुढचे पाय हवेत, मागचे मातीत सरकताहेत. हशा थांबला. कुणी तरी किंचाळलं, आणि भटूच्या कानात ती कतारगामची किंकाळी आणि ही एकच झाली.

त्याच्या मुठी दोरीवर आवळल्या होत्या. सगळं अंग एकच ओरडत होतं: धर! घट्ट धर! तोंडापर्यंत तोच शब्द आला होता.

"सोड!" भटू ओरडला. "जयू, सोड! लगाम सोडी दे!"

तिला ऐकू गेलं की नाही कळेना. भोंगा चालूच होता. भटू दोरीखालून आत घुसला, हात वर करून, जेवढा दम होता तेवढा काढून ओरडला, "चाल वं माय, घर! घर चाल, माय!"

जयश्रीने एकदा त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते भटू मरेपर्यंत विसरणार नाही. आभाळ कोसळत होतं आणि बाप सोड म्हणत होता. तिने दोन्ही हात उघडले. लगाम कपाशीच्या मानेवर पडला.

तोंडातलं लोखंड सैल झालं. क्षणभर घोडी तशीच उभी, हवेत. मग ती पुढे झुकली आणि पुढचे पाय मातीवर टेकले, इतके अलगद की पिंपाजवळची धूळही फार उडाली नाही. तिने मान खाली घातली, जोरात फुरफुरली, आणि तिसऱ्या पिंपाला वळसा वगैरे काही न घालता, ढोल वाजत असताना, सरळ भटूकडे चालत आली. काम संपलं होतं. तिने आपलं थोबाड त्याच्या छातीत खुपसलं आणि त्याचा सदरा फेसाने ओला केला. फेस पांढरा होता. भटूने दोनदा बघितलं, पांढराच होता.

दौडीतून ते बाद झाले हे सांगायलाच नको. नितीन सर धावत आले, माईकवाल्याला कुणी तरी दोन शिव्या हासडल्या, कुणी पाणी आणलं. जयश्री खाली उतरली आणि बापाच्या खांद्याला धरून उभी राहिली. भटूला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. पण मुठी नेहमीसारख्या आवळलेल्या होत्या, उघडत नव्हत्या, आणि इथे कोमट पाणी आणायला सरलाबाई नव्हती. जयश्रीने त्याचा हात हातात घेतला आणि एकेक बोट सोडवायला लागली.

"पप्पा," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही 'धर' म्हणाल."

भटूने मान हलवली.

"माले बी तसंच वाटनं व्हतं," तो म्हणाला.